उजवा पुढचा पाय

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, डब्लिनच्या भर रस्त्यात, बुटांच्या दुकानासमोर एक जाडजूड माणूस धाडकन पडला. अँब्युलन्सवाल्यांनी त्याच्याभोवती हिरवा पडदा धरला, आणि माझा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशात गेला. खिशात काय असणार? चष्म्याचं घर, पेपरमिंटच्या गोळ्या आणि समितीचं पत्र. पिस्तूल परत करून मला आठ वर्षं झाली. पण हाताला कोण सांगणार! एकतीस वर्षं शर्यतीच्या मैदानावर हिरवा पडदा दिसला की तो तिथंच गेला आहे. गर्दी जमली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, एका बाईनं छातीवर क्रूस काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गेला का हो?" मी म्हणालो, "गेला." इतक्या खात्रीनं म्हणालो की तिनं विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का. म्हटलं, आहे, जनावरांचा. ती एक पाऊल लांब सरकली. पाचेक मिनिटं गेली असतील. पडद्याआडून आवाज आला, "माझी टोपी कुठाय?" लोक हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, पडदा खाली आला, आणि तो जाड्या फुटपाथवर मांडी घालून बसलेला, तोंड लाल, टोपी शोधतोय. चक्कर आली होती म्हणे, सकाळपासून पोटात काही नव्हतं. सगळ्या रस्त्याला आनंद झाला. मला मात्र दिव्याचा खांब धरावा लागला. पडद्याआडून कोणी उठून बसतं, हे मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं असं म्हणायला मी मोकळा आहे. पण ते खरं नाही. घोडे उठतात. कित्येक उठले. आपटून दम गेलेला, म्हणजे नुसता श्वास कोंडलेला घोडा मेल्यासारखा पडतो आणि सहा-सात मिनिटांनी अंग झाडून उभा राहतो, पडदे बाजूला होतात, लोक टाळ्या वाजवतात. 'थांब', हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो शेकडो वेळा पाळला आणि एकदा पाळला नाही.

बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून मी ते पत्र पुन्हा वाचलं. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती बंद कराव्यात की नाहीत यावर समिती बसली आहे, गुरुवारी दोन्ही बाजूंचं ऐकणार आहे, आणि शर्यतीच्या बाजूनं बोलायला अनुभवी पशुवैद्य म्हणून फिन्टन डाउडल यांनी यावं. फिन्टन डाउडल म्हणजे अस्मादिक. हे सगळं मॅलकी ट्रॅव्हर्सचं काम. मॅलकी शर्यत-मंडळाचा माणूस, जिभेवर लोणी. फोनवर म्हणाला, "फिन्टन, गड्या, दहा मिनिटं फक्त. घोड्याला कळायच्या आत सगळं संपतं एवढंच सांग. तुझ्या तोंडून लोकांना पटतं, तुझा चेहराच दयाळू आहे." मी म्हटलं, "आणि दुसऱ्या बाजूनं कोण?" तो म्हणाला, "नेहमीचेच. रविवारी कोकराची तंगडी खाऊन सोमवारी घोड्यासाठी रडणारे. हां, एक बाई आहे. पूर्वी कॉस्टिगनच्या तबेल्यात होती. डर्व्हला असं नाव तिचं. तिची गोष्ट फार चालते म्हणे हल्ली, टीव्हीवर वगैरे. पेपर वाचत नाहीस का?" मी म्हटलं, वाचतो. मी पेपर वाचत नाही. शब्दकोडं सोडवतो आणि मेलेल्यांची यादी बघतो. मॅलकीला मी नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि कारण माझ्याकडे एकच होतं.

तुम्हाला वाटेल पडदा घोड्यासाठी असतो. नसतो. घोड्याला काय, तो आडवा पडून आभाळ बघत असतो. पडदा असतो कडेला उभ्या असलेल्या लोकांसाठी, बायका-मुलांसाठी, शॅम्पेनवाल्यांसाठी, कॅमेऱ्यासाठी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण कोंबडं झाकण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. घोड्यांनी उडी मारून ओलांडायच्या प्रत्येक कुंपणाजवळ चार माणसं बसलेली असतात, पडदा गुंडाळून पायाशी ठेवलेला. घोडा पडला आणि लगेच उठला नाही की धावत जायचं आणि भिंत उभी करायची. मी मागून गाडीतून. आणि गंमत अशी की पडदा लागला की सगळ्यांच्या मनात घोडा मेलेलाच असतो. माणसं आवाज खाली करतात. पडदा धरणारे पाठ फिरवून उभे राहतात, आत बघत नाहीत. त्या कापडाच्या चार भिंतींत मी आणि घोडा. तिथली हिरव्या उजेडातली हवा, ठेचलेल्या गवताचा आणि घामाचा वास, बाहेर लाउडस्पीकरवर बाकीच्या घोड्यांची नावं. त्या खोलीत मी जितका एकटा होतो तितका बायको गेल्यानंतरच्या घरातही कधी नव्हतो.

मी धडा पाळला नाही त्या दिवसाआधी एक महिना दुसरी एक गोष्ट झाली, तीही सांगितली पाहिजे. सबब म्हणून नाही, सबब माझ्याकडे नाही. एक करडी घोडी पडली होती, आणि मी धडा पाळला, थांबलो. बारा मिनिटं थांबलो. ती उठायची, पडायची, पुन्हा उठायची, आणि वाऱ्यानं पडदा उडाला आणि कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो, खाली माझं नाव. लोकांनी पत्रं लिहिली, हा कसाई आहे, हा तमाशा बघत उभा राहतो. मंडळातल्या माणसांनी मला चहाला बोलावलं, बिस्किटं पुढं केली, आणि फार गोड शब्दांत सांगितलं, "डाउडल, तुमच्या ज्ञानाबद्दल प्रश्नच नाही. पण जरा लवकर आटपत चला. लोकांना बघवत नाही." लोकांना बघवत नाही! मी बिस्किट खाल्लं. हो म्हणालो. मला दोन मुलींच्या फिया भरायच्या होत्या, आणि मी स्वभावानं हो म्हणणाराच आहे. म्हणजे बघा, ज्यांना घोड्यांची दया येते त्यांनी पत्रं लिहिली, ज्यांना शर्यतीची काळजी त्यांनी बिस्किटं दिली, आणि दोघांनी मिळून एका घोड्याची सहा मिनिटं काढून घेतली. असं मी माझ्या मनाशी कितीतरी वर्षं म्हणत आलो. म्हणायला छान वाटतं. पण गोळी दोघांनीही झाडली नव्हती.

बॅलीकरीनचं मैदान, मार्चचा शनिवार, एकोणीस वर्षांपूर्वीचा. तीन मैलांची शर्यत, मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत पाचव्या कुंपणावर प्रशिक्षक कॉस्टिगनचा घोडा पडला. कार्डावर त्याचं नाव लाँग एकर, तबेल्यात त्याला टोबी म्हणत. बदामी रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका, सहा वर्षांचा. जॉकी उठून लंगडत बाजूला गेला. घोडा उठला नाही. पडदे लागले. मी आत गेलो तेव्हा तो कुशीवर पडलेला, मान वेडीवाकडी, डोळा उघडा आणि काचेसारखा, श्वास आहे की नाही कळेना. मी खुराच्या वर पेनानं दाबून पाहिलं. काही नाही. दुसऱ्या पायावर दाबलं. काही नाही. पट्ट्याला लावलेल्या वायरलेसवर आवाज, "डॉक्टर, काय ठरलं? घोडे वळणावर आलेत, दीड मिनिटात तुमच्याकडे." कुंपण बाजूला सोडून घोडे वळवायची सोय होती, पडदे तसेच ठेवून थांबता आलं असतं. पण मला तो फोटो दिसला. कणा मोडला असणार, मी मनाशी म्हटलं. म्हटलं म्हणजे मलाच ऐकू येईल असं म्हटलं. पिस्तूल काढलं. कपाळावरच्या ठिपक्याच्या जरा वर टेकवलं, आणि त्या क्षणी, शपथेवर सांगतो, त्याच्या पुढच्या एका पायात हालचाल झाली. पाय पोटाजवळून निघून पुढं आला आणि खूर जमिनीवर टेकला. घोडा उठताना पुढचा पाय आधी टाकतो. हे शेतकऱ्याच्या पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. मी पाहिलं, ओळखलं, आणि बोट थांबलं नाही. आचका असेल असं मला वाटलं, असं मी पुढं स्वतःला सांगितलं. वाटलं नव्हतं. बोट आधीच निघालं होतं, एवढंच.

बाकीचे घोडे धडधडत शेजारून गेले. मी पडद्याआड उभा. लोक दुसऱ्या कुणासाठी तरी ओरडत होते.

मैदानामागच्या अंगणात मी त्याच्या अंगावरून हात फिरवला. मान, कणा, माकडहाड, चारही पाय. पुन्हा मान, पुन्हा कणा. मेलेली जनावरं उचलून नेणारा कडिही नावाचा माणूस होता, चाळीस वर्षं हेच काम. त्यानं दोर बांधायला एकेक पाय उचलला, सांधे वाकवून पाहिले आणि म्हणाला, "डॉक्टर, पाय धड, मान धड. हा मेला कशानं?" मी म्हणालो, "गोळीनं." तो हसला. मला वाटतं त्याला कळलं होतं. पण कडिही कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आता तर तोही गेला. अहवालाचा कागद गाडीच्या बॉनेटवर होता. 'कारण' या शब्दापुढची जागा कोरी. कणा लिहावा तर तपासणीला पाठवतात, एक्स-रे काढतात. मी पेन हातात धरून उभा होतो, आणि तेवढ्यात डर्व्हला आली.

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. टोबीला तिनंच वाढवला, तीन वर्षं, सकाळी पाचाला उठून. खांद्यावर त्याचा लगाम, नाक लाल, पण रडत नव्हती. तबेल्यात तिला थर्मामीटर म्हणत. सगळ्याच तबेल्यांत रोज सकाळी घोड्याच्या पायांवरून तळवा फिरवतात, कुठं ऊन, म्हणजे गरम, लागलं तर आत दुखापत असते म्हणून, पण हिचा हात फारच हळवा. त्या हंगामात दोनदा तिनं सांगितलं की पाय गरम लागतोय, दोनदा कॉस्टिगननं घोडा शर्यतीतून काढला, आणि दोनदा काहीच निघालं नाही. मग पोरं मागे लागली. ही आली की कपाळ पुढं करायचे, "थर्मामीटर, बघ गं मला ताप आहे का!" ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आज सकाळी माझ्या हाताला ऊन लागलं होतं. जरासंच. उजव्या पुढच्या पायाला. मी बोलले नाही. तिसऱ्यांदा कोण हसू करून घेणार म्हणून बोलले नाही. तोच गेला ना? तोच पाय ना?" मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या हातात पेन होतं. मी म्हणालो, "स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, पोरी." हे उत्तर नाही. तिनं ते हो म्हणून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. ती गेली आणि मी लिहिलं: उजव्या पुढच्या पायाचं हाड मोडलं. तिच्या तोंडून पाय घेतला आणि कागदावर ठेवला. अक्षर इतकं सुरेख आलं, की काय सांगू. आमच्यात म्हणतात ते मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पुष्कळ पाहिले, जुगारी, दलाल, पेपरवाले. त्यांच्यापैकी कुणी माझ्याइतकं साफ खाल्लं नसेल.

तिनं महिन्याभरात नोकरी सोडली. पुढं लिमरिकला एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली असं कळलं. कळलं म्हणजे तिनंच कळवलं. त्या नाताळात तिचं कार्ड आलं. आत लिहिलेलं, 'डॉक्टर, त्याला तुम्ही ताटकळत ठेवलं नाहीत. टोबीसाठी आभार. डर्व्हला.' दर नाताळात येतं. एकोणीस कार्डं. चिमण्या, मेंढरं, बर्फातली देवळं, आणि आत तेच. टोबीसाठी आभार. मी ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. बायको म्हणायची, किती कृतज्ञ मुलगी रे, तू पण एखादं पाठव की. मी पाठवलं नाही. एकदा लिहायला बसलो होतो. 'प्रिय डर्व्हला' इथपर्यंत गेलो आणि मला एकदम खोलीतल्या हवेचा वीट आला, खिडकी उघडली. माझी बायको मरताना सुद्धा मी तिला हे सांगितलं नाही. ती म्हणाली होती, "तुझ्या मनात काहीतरी आहे, फिन्टन." मी म्हणालो, "चहाची तल्लफ आहे."

आता मी थोरल्या मुलीकडे, इमरकडे राहतो. मंगळवारी घरी गेलो तर ती म्हणाली, "बाबा, तोंड असं काय झालंय? भूत पाहिलंत का?" मी म्हटलं, "एक माणूस पडला होता." "मेला?" "नाही. टोपी मागत होता." ती हसली आणि मला हॅमचं सँडविच दिलं. मग म्हणाली, "गुरुवारी तुम्ही जाऊ नका. त्या मॅलकीच्या नादाला कशाला लागता? निवृत्त माणसानं निवृत्त राहावं." मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि गुरुवारी दाढी करून, निळा टाय बांधून गेलो. का गेलो ते मला नीट माहीत नाही. मला वाटतं, तिला बघायला गेलो. आपण बुडवलेला माणूस तरंगतोय का, हे पाहायची भारी उत्सुकता असते.

सभागृहाच्या बाहेर ती भेटलीच. केस पिकलेले, अंगानं भरलेली, हात स्वयंपाकघरातल्या बाईचे, भाजल्याचे डाग असलेले. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मी भिंतीकडे बघितलं. "डॉक्टर! आलात! समोरच्या बाजूनं का असेना, आलात हे बरं झालं." माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. शेजारी चष्मा लावलेली एक तरुण पोरगी होती, छातीवर घोड्याचं चित्र असलेला बिल्ला. तिला म्हणाली, "हेच ते, मी सांगितलं होतं ना? टोबीला एका मिनिटात सोडवलं. त्या सगळ्यांत एकच भला माणूस." चष्मेवाली मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्या बाजूनं बोलणार आहात ना?" डर्व्हलानं तिला गप्प केलं, "असू दे गं. पोटासाठी माणूस बोलतो. ते काय वाईट नाहीत." मी पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली.

ती माझ्या आधी बोलली. कागद नव्हता तिच्याकडे. म्हणाली, "मी घोडे विकत घेणाऱ्यांविरुद्ध बोलायला आले नाही, कुंपणांविरुद्धही नाही. मी माझ्याविरुद्ध बोलायला आले आहे. माझा त्या घोड्यावर जीव होता. माझ्या ह्या तळव्याला त्या सकाळी ऊन लागलं होतं आणि लोक हसतील म्हणून मी बोलले नाही. त्याच पायावर तो पडला. आता मला सांगा, जिचा जीव होता तीच जर गप्प बसली, तर तुमचे नियम आणि तुमचे डॉक्टर काय राखणार घोड्यांना? एकोणीस वर्षं मी उजव्या हातानं कणीक मळत नाही. डाव्या हातानं मळते. हसू नका, खरं आहे." कोणी हसत नव्हतं. मॅलकी सुद्धा कागदावर रेघोट्या ओढत बसला होता. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर उताणा पडला होता. मला आधी कधी कळलं नव्हतं की मी किती घेतलं तिच्याकडून. मला वाटायचं, एक पाय.

माझं नाव पुकारलं. मी मॅलकीनं टाइप करून दिलेला कागद वाचायला लागलो. एकतीस वर्षांचा अनुभव. नवी कुंपणं, मऊ जमीन, जादा डॉक्टर. पाण्याचे हौद, उन्हाच्या दिवसांत थंड पाणी. मग ते वाक्य आलं, 'जे घोडे आम्ही सोडवतो ते वाचवण्यापलीकडचे असतात.' मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "श्री. डाउडल, बरं वाटत नाहीये का? पाणी हवंय?" आणि मग सहज, माणूस बोलायचा म्हणून बोलतो तसं, "आत्ता ज्या घोड्याबद्दल ऐकलं, तिथं तुम्हीच होतात असं दिसतं. त्याबद्दल काही सांगाल?" झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. नाही म्हणायला काय जात होतं? पण डर्व्हला माझ्याकडे पाहून मान हलवत होती. घाबरू नका, बोला, असं. ती मला धीर देत होती.

"पाय धड होता," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "माफ करा?"

"टोबीचा पाय. चारही पाय. मान, कणा, सगळं धड होतं. त्याचा दम गेला होता, बस. पाच-सहा मिनिटांत उठला असता. मी थांबलो नाही. अहवालात पाय लिहिला तो खोटा. सकाळी पाय ऊन लागला असेल नाहीतर नसेल, त्याचा काही संबंध नव्हता."

मग मॅलकी उठला. मला वाटलं होतं तो भडकेल. पण लोणी वितळायला किती वेळ लागतो? त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अध्यक्षबाई, हे धक्कादायक आहे, दुःखद आहे," तो म्हणाला, "पण समितीनं नोंद घ्यावी की या घोड्याला कुंपणानं मारलं नाही. शर्यतीनं मारलं नाही. एका माणसाच्या चुकीनं तो मेला. ज्या गोष्टीवर हा सगळा प्रचार उभा आहे तिचा पायाच..." "खाली बसा," बाई म्हणाल्या. तो बसला, पण समाधानानं बसला. पलीकडे चष्मेवाली पोरगी डर्व्हलाच्या कानाशी लागली, मला ऐकू आलं, "आता आपण काय सांगायचं लोकांना?" वा! एकोणीस वर्षांनी खरं बोललो, आणि दोन्ही बाजूंना त्यात पहिली काळजी कशाची, तर प्रचाराची. मला हसू यायला लागलं होतं. मी बोलणार होतो मॅलकीला, की मला घाई कुणी शिकवली, ती बिस्किटं कुणाची होती. पण डर्व्हला उभी राहिली.

तिनं समितीला विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. मला विचारलं. "उठायला लागला होता का?"

"डर्व्हला..."

"उठायला लागला होता का, तेवढं सांगा."

"हो. पाय टाकला होता पुढं."

"कुठला?"

माझ्या मनात आलं, डावा म्हणावं. कुणाला कळणार आहे? कडिही मेला, पडदेवाल्यांच्या पाठी होत्या. एक शेवटचं खोटं, तिच्यासाठी. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जनावराचे दात बघावेत तशी.

"उजवा," मी म्हणालो.

तिनं आपला उजवा हात उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हातानं मनगटापाशी धरला. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा तिला हायसं वाटेल. काय मूर्ख असतो माणूस! ती म्हणाली, "म्हणजे त्या पायावर तो उभा राहणार होता." मग पिशवी उचलली आणि निघाली. बाहेर जिन्याशी मी तिला गाठलं. माझं वय धावायचं नाही, पण मी धावलो. मी म्हणालो, "मला सांगायचं होतं. दर वर्षी सांगायचं होतं." ती थांबली. पाठ माझ्याकडेच होती.

"दर वर्षी माझं कार्ड मिळायचं ना तुम्हाला?"

"मिळायचं."

"वाचायचात?"

"वाचायचो."

"माझी कार्डं परत पाठवा," ती म्हणाली. "सगळी. एकही ठेवू नका." आणि जिना उतरून गेली. मॅलकी मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "गड्या, अवघड काम केलंस, पण आपल्याला फायद्याचं झालं." मी त्याचा हात काढला. त्याच्या तोंडात मारावी असं वाटलं, आणि मारली नाही. तीही माझी सवय.

शुक्रवारी सकाळी इमर कामाला गेल्यावर मी डबा उघडला. चिमण्या, मेंढरं, देवळं. तपकिरी कागदात बांधली, दोरी आवळली, लिमरिकचा पत्ता घातला. आत एक चिठ्ठी ठेवली: 'तुझी सगळी कार्डं पाठवत आहे. फि. डाउडल.' अक्षर अजूनही सुरेख येतं. टपाल कचेरीत बाईनं पुडकं वजनाला ठेवलं आणि तिकिटं लावली. मी पावती घेतली आणि बाहेर आलो. बुटांच्या दुकानासमोर तोच जाड्या उभा होता, बन खात, टोपी डोक्यावर. मी त्याच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. माझा हात कोटाच्या आतल्या खिशात होता. तिथं पहिल्या नाताळचं कार्ड आहे.